राखेतून उठणारा पक्षी

यंदा १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर पाहुण्यांचे भाषण झाले. ते म्हणाले, "मुलांनो, फिनिक्स पक्ष्यासारखी भरारी घ्या." आम्ही सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पण फिनिक्स म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते आणि मी पुस्तकात वाचले ते इथे लिहीत आहे.

फिनिक्स हा खरा पक्षी नाही. तो गोष्टीतला पक्षी आहे. ग्रीस देशात हिरोडोटस नावाचा एक इतिहास लिहिणारा माणूस सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. तो इजिप्त देशात गेला होता. तिथल्या लोकांनी त्याला सांगितले की, हा पक्षी ५०० वर्षांनी एकदाच सूर्याच्या देवळात येतो. त्याची पिसे तांबडी व सोनेरी असतात आणि तो गरुडाएवढा असतो. हिरोडोटसने लिहिले आहे की, मी तो पक्षी पाहिला नाही, फक्त चित्र पाहिले. म्हणजे तो खरं बोलणारा माणूस होता!

त्याच्या गोष्टीत आग नाही. आग नंतरच्या लोकांनी सांगितली. फिनिक्स म्हातारा झाला की दालचिनी आणि हिराबोळ यांचे घरटे बांधतो. त्यात तो जळून जातो. मग त्या राखेतून नवा फिनिक्स बाहेर येतो. जगात एका वेळी एकच फिनिक्स असतो.

इजिप्तच्या लोकांचा बेन्नू नावाचा एक पवित्र पक्षी होता. तो बगळ्यासारखा दिसे. सूर्य रोज मावळतो आणि रोज नवा उगवतो, तसा तो पक्षी, असे ते मानत. त्याच्यावरूनच फिनिक्सची गोष्ट निघाली असावी असे पुष्कळ विद्वान म्हणतात.

इटलीमध्ये व्हेनिस शहरात 'ला फेनिचे' नावाचे नाट्यगृह आहे. त्याचा अर्थ फिनिक्स. ते १७९२ साली सुरू झाले. १८३६ साली जळाले, परत बांधले. १९९६ साली पुन्हा जळाले. २००३ साली पुन्हा उघडले. नाव अगदी बरोबर ठेवले की नाही?

मागच्या उन्हाळ्यात आमची कडब्याची गंजी जळाली. सगळी राख झाली. अण्णा म्हैस विकायला निघाले होते. आई चुलीपाशी बसून रडली. मग वाडीतल्या लोकांनी कुणी दहा, कुणी वीस अशा पेंढ्या आणून दिल्या. म्हैस राहिली. आजीने ती राख परसात टाकून दोडक्याचा वेल लावला. त्याला लई दोडकी आली.

मी आजीला फिनिक्सची गोष्ट सांगितली. आजी म्हणाली, "त्यो पक्षी एकला उठतो व्हय? आपल्याला तर समद्यांनी मिळून उठवलं." मला आजीचे म्हणणे पटले.

तर मित्रांनो, संकट आले तरी खचू नये, पुन्हा उभे राहावे, हा फिनिक्सचा अर्थ आहे. आणि दुसऱ्याचे जळाले तर आपण एक पेंढी तरी न्यावी. पुढच्या वेळी भाषणात फिनिक्स आला तर नुसत्या टाळ्या वाजवू नका, समजून वाजवा.

— इयत्ता ४ थी