टॅली झालं की घरी

माझ्या जुन्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने गेल्या महिन्यात राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नसताना. निरोपाच्या चहाला मीही गेले होते. तिथे एक निवृत्त साहेब मोठ्याने म्हणाले, "या पोरांना कष्टच नकोत. आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसायचो." ते मला फार लागलं. बसायचो हे खरं आहे. पण कशासाठी बसायचो आणि उठल्यावर काय व्हायचं, हे साहेबांनी सांगितलं नाही.

मी १९८६मध्ये क्लार्क म्हणून लागले. दुपारी शटर अर्धं खाली आलं की आमचं खरं काम सुरू व्हायचं. व्हाउचर लावायची, लेजरच्या बेरजा जुळवायच्या, कॅश मोजायची, डे बुक लिहायचं. पाच पैशांचा फरक आला तर सगळी शाखा तो शोधत बसायची. वार्षिक क्लोजिंगला मध्यरात्रही व्हायची आणि त्याचा ओव्हरटाइम मिळायचा. पण एकदा टॅली झालं की झालं. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांच्या खिशात गेल्या की बँकेचं काम उद्यावर. लेजर घरी नेण्याची सोयच नव्हती.

ही कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हती. १९६६च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून क्लार्क-शिपायांच्या सेवाशर्ती बँका आणि संघटना समोरासमोर बसून ठरवत आल्या. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, सगळं लेखी. त्या कागदाच्या जोरावर माझ्या पिढीला संध्याकाळ मिळाली. त्या संध्याकाळींनी मराठी माणसाला काय दिलं, हे आज कुणी आठवत नाही. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत करत रंगभूमीवर उभे राहिले. आमच्या शाखेतून कुणी कधी इतकं मोठं झालं नाही, पण आंतरबँक एकांकिका स्पर्धा आली की महिनाभर सहानंतर तालमी चालायच्या. एक कॅशियर गाण्याच्या क्लासला जायचा, तोही रोज, ठरलेल्या वेळी. आज अधिकारी म्हणून लागलेल्या कुणाला विचारा, आठवड्यातला एक तरी वार असा हक्काने सांगता येतो का.

बाकीची वर्षं भराभर सांगण्यासारखी. संगणक आले, २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन अनुभवी माणसं गेली, त्यांच्या खुर्च्या बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहिल्या. मग कोअर बँकिंग आलं. या सगळ्या काळात मी प्रमोशन नाकारत राहिले. माझ्यासारख्या कितीतरी जणींनी ते नाकारलं. प्रमोशन म्हणजे बदली, आणि अधिकाऱ्याच्या कामाला घड्याळ नाही, ओव्हरटाइम नाही. बायकांना महत्त्वाकांक्षा नसते, असं त्यावर ऐकवलं जायचं. घर आणि बँक यांच्यात भिंत ठेवायचा तेवढा एकच मार्ग आमच्या हातात होता आणि त्याची किंमत आम्ही आयुष्यभराच्या कमी पगारात, कमी पेन्शनीत मोजली.

मुलगी मार्गी लागल्यावर, २०१०मध्ये मी अधिकारी झाले. पुढच्या दहा वर्षांत जे पाहिलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

कामाचा ढीग हे त्या रागाचं कारण नव्हे. ऑगस्ट २०१४मध्ये जनधन आलं, वस्त्यांमध्ये टेबलं मांडून आम्ही खाती उघडली. अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हातात पहिलं पासबुक देताना थकवा जाणवत नव्हता. सप्टेंबर २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. पुढच्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि १२ तारखेला, दुसऱ्या शनिवारी, आम्ही काउंटरवर होतो. १३ला रविवारीही. रात्री उशिरापर्यंत जुन्या नोटा मोजल्या. कॅश कमी भरली तर कॅशियरने खिशातून भरली. तरीही त्या पन्नास दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. रांग संपत होती, नोटा मोजून होत होत्या, रात्री कितीही वाजले तरी आकडा जुळत होता.

टार्गेट मात्र कधीच जुळत नाही. ते पूर्ण करा, पुढच्या तिमाहीत वाढून येतं. विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड. ठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पॉलिसी घ्यायला लावा, हे संध्याकाळी सातच्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर शिकवलं जायचं. मग व्हॉट्सअॅप ग्रुप आले. सकाळी चहाच्या आधी 'आज किती करणार?', रात्री जेवताना 'किती केलं?', आणि मध्ये कधीतरी शून्यावर असलेल्या शाखांची लाल रंगातली यादी, सगळ्या विभागाने बघावी म्हणून. आमच्या एका वरिष्ठांना रविवारी सकाळी आढावा घ्यायची फार आवड. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९०मध्ये मिळवलेला रविवार या माणसाने मोबाइलवरून काढून घेतला आणि त्याबद्दल कुणी त्यांना जाब विचारला नाही. उलट पुढची बढती मिळाली. माझे यजमान आयसीयूत होते तेव्हा मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

अशा वेळी सल्ले देणारे भेटतात. फोन बंद ठेवा, ध्यान करा, 'नाही' म्हणायला शिका. ज्याच्या बदलीचा कागद समोरच्याच्या सहीने निघतो त्याने नाही कसं म्हणायचं? राजीनामा दिलेल्या त्या मुलाचं बाळ दोन वर्षांचं आहे, बदली तीन जिल्हे पलीकडे. त्याने 'नाही' म्हटलं, आणि ते म्हणताना त्याला नोकरी सोडावी लागली.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं, २०२५च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. पण १९७०नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. मार्च २०२४च्या करारात संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यावर बँकांची सहमती मिळवली, त्यासाठी रोज चाळीस मिनिटं जास्त बसायची तयारीही दाखवली. मागणी रास्त आहे. मात्र ग्रुप चालूच राहिला तर तो शनिवारही फोनवर जाईल.

सध्याच्या कराराची मुदत ऑक्टोबर २०२७मध्ये संपते. नव्या मागण्यांची यादी त्याआधीच तयार होईल. पगारवाढीच्या टक्क्याशेजारी त्यात तीन ओळी हव्यात: अधिकाऱ्यांचे कामाचे तास लेखी, सुट्टीच्या दिवशी आढावा नाही, आणि रात्रीच्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून खुलासा मागणाऱ्यावर कारवाई. या तीन ओळींसाठी एक दिवसाचा संप करायची वेळ आली तर आम्ही निवृत्तांनीही बाहेर येऊन उभं राहायला हवं.