संसदेतून साखर कारखान्याकडे

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा पूर्वी इचलकरंजी जहागिरीत होते. त्याच इचलकरंजीजवळ रत्नाप्पा कुंभार यांनी १९५०च्या दशकात पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभारला. कोल्हापूर संस्थानातील प्रजा परिषदेचा लढा, संविधान सभा आणि पहिली लोकसभा एवढे सारे गाठीशी असलेला हा नेता कारखानदारीकडे वळला, म्हणजे राजकारणापासून दूर गेला, असे मला वाटत नाही. कारण शेतकऱ्याचा प्रश्न उरलाच होता: तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. गाळप लांबले तर नुकसान शेतकऱ्याचेच. संस्थान विलीन झाले तरी ही अडचण सुटली नव्हती.

पुढाऱ्याच्या हाती कारखाना गेला की सभासदाचा मतदार होतो, हा आक्षेप खराच आहे आणि कोल्हापुरात त्याचे दाखले शोधावे लागत नाहीत. पण त्या काळी परवाना, सरकारी भागभांडवल आणि कर्ज या तिन्हींसाठी सरकारदरबारी वजन लागे. ते नसलेला शेतकरी एकट्याने काय उभारणार होता? म्हणून पुढारी संस्थेत आला यापेक्षा वार्षिक सभेत सभासदाला ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो का, हे तपासावे. गवसे येथील आजरा कारखान्यालाही हीच कसोटी लावावी.