ताकद बारमाही हवी

पुष्य अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरजवळच्या केसलापुरात नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम कुळातली माणसे गोदावरीचे पाणी आणायला जन्नारम मंडलातल्या हस्तिनमडुगूपर्यंत अनवाणी जातात आणि झारी घेऊन तशीच पायी परततात. ही वाट श्रद्धा चालवते हे खरेच. पण श्रद्धेने पाऊल उचलले तरी पोटरी, गुडघा आणि टाच आपला हिशेब मागतातच. तो हिशेब वर्षभराच्या चालण्याने, शेतातल्या राबण्याने आधीच चुकता झालेला असेल तरच असा प्रवास झेपतो. ताकद ऐन कामाच्या दिवशी कुठून आणता येत नाही. ती आधी साठवून ठेवावी लागते, आणि ती साठते फार सावकाश. अंग कमावण्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची तर ती ही.

पूर्वी उटनूरच्या परिसरात हे कुणाला सांगावे लागत नसे, कारण डोंगर, शेत आणि पाणवठा रोजचा व्यायाम करवूनच घेत. आता उटनूर हे मंडलाचे गाव आहे, आदिवासी विकासाचे काम पाहणाऱ्या आयटीडीएचे मुख्यालय आहे. कार्यालये, शाळा, वसतिगृहे, दुकाने अशा बसून करायच्या कामांची इथे रेलचेल आहे आणि दोन फर्लांगांसाठीही मोटारसायकल निघते. हे काही उटनूरपुरते नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. दुसऱ्या टोकाला आहेत भरतीची तयारी करणारी मुले. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुलगे १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव सुरू करतात. पहाटे मैदान भरते, महिन्याभरात कुणाची नडगी दुखते, कुणाचा गुडघा सुजतो, आणि भरती संपली की मैदान पुन्हा ओस. नव्याचे नऊ दिवस म्हणून आपण या पोरांना हसतो. पण चूक त्यांच्या आळसात नाही, हिशेबात आहे. वर्षाचे काम ती महिन्यात उरकू पाहतात.

शरीर असे का वागते, ते समजून घेण्यासारखे आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, आरशात मात्र फारसे काही दिसत नाही. कारण ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: आहेत तेच स्नायूतंतू जास्त संख्येने आणि एकजुटीने कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू डोळ्यांत भरण्याइतका जाड व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडे त्याहूनही सावकाश बळावतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखे वाटते आणि उत्साही पोरगा वजन किंवा अंतर एकदम दुप्पट करतो, तेव्हा स्नायू साथ देतो पण कंडरा मागे पडलेला असतो. दुखापत नेमकी तिथे होते. म्हणून जुन्या तालमीतले वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शे-दोनशे जोर मारू देत नसत. आज २० बैठका सहज होत असतील तर पुढच्या आठवड्यात २२, त्याच्या पुढे २५, आणि अधूनमधून एक आठवडा हलका: एवढी साधी चढण वर्षभर टिकवली तर फरक आपोआप दिसतो.

सातत्यावर एवढा भर कशाला, याचा पुरावा बोस्टनमधल्या १९९० सालच्या एका प्रयोगात सापडतो. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. म्हणजे ‘आता वय झाले’ ही सबब नव्वदीतही चालत नाही. पण व्यायाम थांबल्यावर चार आठवड्यांतच कमावलेल्या ताकदीचा मोठा हिस्सा ओसरला, हाही त्याच प्रयोगाचा धडा. पैलवान खाशाबा जाधवांचे उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहेच, पण आपल्याला आठवते ते १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आणि तिथले कांस्यपदक. त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते, हे मागे पडते. सहाव्या आणि तिसऱ्या क्रमांकामधली चार वर्षे कुठल्या छायाचित्रात दिसत नाहीत. पदक मात्र त्या चार वर्षांचेच आहे.

इथे पहिला आक्षेप शेतकऱ्याचा आणि मजुराचा. दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला? आक्षेप रास्त आहे आणि अर्धा खराही आहे. कष्टाच्या कामाने दम टिकतो, चरबी साठत नाही. पण कष्ट शरीराची सोय पाहत नाहीत, ते कामाची सोय पाहतात. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून तासन् तास वाकलेली असते. बोटे आणि कंबर थकतात, पण तिला डोक्यावर काही ढकलावे लागत नाही, छाती उघडावी लागत नाही, पाठ ताठ ठेवून ओझे उचलण्याची वेळही क्वचित येते. हंगामभर तेच वाकणे, तीच बाजू. ताकद चढत नाही, झीज मात्र चढते. अशा अंगाला दमवणारा व्यायाम नको, तोल सावरणारा हवा: भिंतीला टेकून जोर, सावकाश बैठका, पाठीचे आणि खांद्यांचे ताण, आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही याच्या जवळ जाते: प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

दुसरा आक्षेप हवामानाचा. आदिलाबादचा उन्हाळा भाजून काढतो, पावसाळ्यात वाटा चिखलाच्या, हिवाळ्याची पहाट गारठलेली. वर्षभर नेम पाळायचा कसा? उत्तर सोपे आहे: नेम एकच ठेवावा, रूप बदलावे. थंडीत धावावे, उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी चालून यावे, पावसाळ्यात पडवीत सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत तो नेला, तो याच गुणासाठी: जागा सतरंजीएवढी, खर्च शून्य, लहानथोरांना एकत्र करता येण्यासारखा. एखादा खाडा पडला तर जीव टांगणीला लावण्याचेही कारण नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधनात नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष बिघडले नाही. खाड्याचा बाऊ करून अख्खा नेम सोडणे, हे आरंभशूराचे खरे लक्षण.

तिसरा आक्षेप खुराकाचा: गरिबाने दूध-बदाम आणि प्रोटीन पावडर कुठून आणावी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ७५ ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि दोन अंडी, एवढ्यात ती जवळपास पुरी होतात. व्यायाम वाढला की भूक आणि गरज दोन्ही वाढतात. तेव्हा मूठभर शेंगदाणे, आणखी थोडी डाळ, जमेल तेव्हा मासळी घालावी. याच संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा, असे स्पष्ट म्हटले आहे. पावडरीचा डबा महाग म्हणून शरीर होत नाही, ही समजूत दुकानदाराच्या फायद्याची आहे.

एका बाबतीत मात्र इथल्या माणसाने जास्त सावध राहायला हवे. गोंड, कोलाम अशा आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि रक्ताची कमतरता तर स्त्रियांत सर्रास दिसते. सिकलसेलचा वाहक एरवी ठणठणीत असतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता, ईर्ष्येने धावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. रुग्णाने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काही सुरूच करू नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तपासणीची सोय आहे, ती मैदानावर उतरण्यापूर्वीच करून घ्यावी. हळू चढण्याचा नियम इथे केवळ शहाणपणाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

प्रत्येकाची हाडापेराची ठेवण वेगळी असते आणि दंडाचा घेर काही अंशी आईबापांकडूनच येतो, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून शेजाऱ्याच्या दंडाशी आपला दंड मोजण्यात अर्थ नाही. मोजायचेच तर कॅलेंडर घ्यावे: बारा महिन्यांत किती आठवडे व्यायाम झाला, आणि गेल्या वर्षी जड वाटणारे धान्याचे पोते यंदा किती सहज उचलले जाते. उटनूरच्या शाळांनी आणि वसतिगृहांनी भरतीच्या जाहिरातीची वाट न पाहता आठवीपासूनच रोजची वीस मिनिटे मैदानावर काढली, तर जाहिरात निघेल त्या दिवशी मुलांना फक्त अर्ज भरायचा उरेल.