सीमेवरची शहरे (भाग ७) – सोलापूर : चार भाषांचे शहर

महाराष्ट्राच्या आग्नेय कडेला, पुणे–हैदराबाद महामार्गावर सोलापूर वसले आहे. विजापूर आणि कलबुर्गी ही कर्नाटकातील शहरे इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत आणि तेलंगणाशी शहराचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा इथल्या बाजारात सहज कानावर पडतात. शाळाही या चारही माध्यमांच्या आहेत. पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोटला जाणारे असंख्य भाविक सोलापूरच्या स्थानकावर उतरतात, एसटी धरतात आणि पुढे जातात. शहर मात्र पाहायचे राहून जाते. भक्ती, विणकाम आणि व्यापार या तीन वाटांनी माणसे इथे येत राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही आल्या. त्या वाटांचा माग धरला, की शहर उलगडत जाते.

शहराचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर. सिद्धराम हे बाराव्या शतकातील शिवयोगी आणि महात्मा बसवेश्वरांचे समकालीन. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांत हे गाव ‘सोन्नलगे’ या नावाने येते. त्यांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. तीन बाजूंनी पाणी असलेले आजचे मंदिर त्याच तलावात उभे आहे आणि सिद्धरामांची समाधीही तिथेच आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्डा यात्रा हा शहराचा सर्वांत मोठा उत्सव. सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, या कथेवर यात्रेचे विधी बेतलेले आहेत. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त उंच बांबूचे सात नंदीध्वज पेलत ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. पहिल्या दिवशी तैलाभिषेक होतो. त्याला ‘यण्णीमज्जन’ हा कन्नड शब्दच रूढ आहे. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्यानंतर होम मैदानावर होमविधी आणि शोभेचे दारूकाम होते. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे असल्याने सारे गाव या लग्नाचे वऱ्हाडी असते.

तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला बहमनी काळातला आहे. खोल खंदक आणि दुहेरी तटबंदी असलेल्या या किल्ल्यासाठी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही पुन्हा पुन्हा लढल्या. चाँदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा सोलापूर हुंड्यात देण्यात आले. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस किल्ला इंग्रजांकडे गेला.

आजच्या सोलापूरला रूप दिले ते मागाने. तेलंगणातील पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिले. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी पहिली सूतगिरणी काढली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण साखर पेठ, कन्ना चौक या पूर्वभागात यंत्रमागाचा खडखडाट अजून थांबलेला नाही. जाड सुताची सोलापुरी चादर जेकार्ड मागावर दोन रंगांत विणली जाते. एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट्या रंगांत उमटते. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पूर्वभागातल्या अनेक घरांत पुरुष मागावर आणि स्त्रिया विड्या वळण्याच्या कामात असतात. या कष्टकरी स्त्रियांसाठी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव आणि नवरात्रातला बतुकम्मा हे पूर्वभागातल्या विणकर वस्तीचे सण.

या मिश्र शहराची कसोटी १९३० मध्ये लागली. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. पुढे काही दिवस शहरात सरकारी अंमल उरला नव्हता. व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान असे हे चौघे एकाच खटल्यात एकत्र उभे राहिले. हुतात्मा चौकातले त्यांचे पुतळे हे सोलापूरच्या सामाजिक इतिहासाचे सर्वांत थोडक्यातले दर्शन आहे. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हेही याच शहराचे सुपुत्र. त्यांचे स्मारक इथे आहे.

खाण्यातही हीच सरमिसळ दिसते. उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी ही शहराची ओळख. लिंगायत घरांतली गव्हाची हुग्गी, शेंगापोळी आणि धपाटे हेही इथलेच. कर्नाटकाकडून आलेल्या वेळा अमावास्येला शेतकरी कुटुंबे रानात पूजा मांडतात आणि आंबील, भज्जी, उंडे यांचे वनभोजन होते.

परिसरही तितकाच संपन्न आहे. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग-कुडल येथे प्राचीन संगमेश्वर आणि हरिहरेश्वर मंदिरे आहेत. तिथल्या शके ९४० (इ. स. १०१८) च्या शिलालेखाची गणना मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत होते. तिथेच असंख्य मुखे कोरलेले दुर्मीळ शिवलिंगही सापडले. मंगळवेढा ही कलचुरी राजा बिज्जलाची आणि पुढे संत चोखामेळा, कान्होपात्रा, दामाजीपंत यांची भूमी. तिथल्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात तिथले नर-मादी धबधबे पाहण्यासारखे असतात. नान्नजच्या गवताळ माळावर माळढोकासाठी राखलेले अभयारण्य आहे. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप दिसतात.

शहरासाठी एक आणि परिसरासाठी दोन असे तीन दिवस पुरेसे आहेत. यात्रेसाठी जानेवारी, नळदुर्गसाठी पावसाळा आणि माळासाठी थंडी हे योग्य काळ. मार्च ते मे या महिन्यांतला उन्हाळा मात्र कडक असतो. तीर्थक्षेत्रांची वाट धरण्याआधी सोलापुरात एक मुक्काम केला, तर दख्खनच्या चार भाषांनी मिळून घडवलेले हे शहर आणि त्यामागचे कष्ट नीट समजतात.

(पुढील आठवड्यात : बिदर)