पटलापलीकडचं पोटॅशियम

शाळेत पेशी शिकवताना पेशीपटलाचं एक विशेषण हमखास येतं: निवडक्षम. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, हे पटल ठरवतं. मूत्रपिंडातली ही निवड बंद पडली की काय होतं ते पाहून लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी मुलुंडच्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात गेले.

‘डायलिसिस’ हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली रूढ केला. पुढे १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पहिलं उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड तयार केलं. आधीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली.

आजचा डायलायझर वीतभराहून थोडा लांब असतो. त्याच्या पारदर्शक नळकांड्यात जवळपास दहा हजार पोकळ तंतू असतात, प्रत्येक आतून मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. तंतूंच्या आतून रक्त जातं, बाहेरून उलट दिशेने डायलायझेट हा स्वच्छ करणारा द्रव. दिशा उलट ठेवल्यामुळे रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्यापेक्षा स्वच्छ द्रव भेटतो आणि विसरण शेवटपर्यंत चालू राहतं. युरिया, क्रिएटिनिन बाहेर पडतात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन मोठे म्हणून आतच राहतात. पण ही नुसती चाळणी आहे. उपयोगाचं काय आणि टाकाऊ काय, हे तिला कळत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं.

ते ठरतं कसं, हे मला तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ ताईंच्या मागे फिरताना समजलं. साठीतल्या एका रुग्णाचा हात हातात घेऊन त्यांनी फिस्टुलावर दोन बोटं ठेवली. शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला जोडल्यावर तिथे जी थरथर जाणवते, तिला इथे सगळे ‘थ्रिल’ म्हणतात. थ्रिल लागली. मग त्यांनी रिपोर्ट पाहिला.

“काका, पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलंय. काय खाल्लंत?”

“काही नाही गं. शहाळं घेतलं. अर्धंच.”

ताई रागावल्या नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेला बाथ, म्हणजे ठरावीक पोटॅशियमचा डायलायझेट, लावला, कॅनवरचं लेबल पुन्हा वाचलं आणि मगच लाइन जोडली.

निरोगी रक्तात लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल पोटॅशियम असतं. ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं, झपाट्याने उतरवलं तरी ठोके बिघडतात. शिवाय शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशीपटलावरचा पंप तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत ओढत राहतो. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यंत्राचा हात पोहोचतो तो रक्तापर्यंत. चार तासांत रक्तातलं पोटॅशियम उतरतं, रुग्ण घरी जातो आणि पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू पुन्हा रक्तात येतं. म्हणून ताई प्रत्येक घरातल्या बाईला, सुनेला, मुलाला सांगत असतात: बटाटा बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या. डायलिसिसचा पहिला टप्पा स्वयंपाकघरातच पार पडतो.

पाण्याचीही अशीच दक्षता. मिनिटाला अर्धा लिटर डायलायझेट, म्हणजे एका बैठकीला १२० लिटर. महापालिकेचं पाणी पिण्याजोगं असतं. पण त्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन तंतूंपर्यंत पोहोचलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून ते आधी कार्बनमधून आणि मग आरओतून जातं. पहिली शिफ्ट लागण्याआधी ताई क्लोरीनची चाचणी स्वतः करतात.

एवढं सांभाळूनही खरी अडचण उरते ती वेळेची. मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करतं. यंत्र तीन बैठका धरून बारा. सोमवार-बुधवार-शुक्रवार येणाऱ्यांना शुक्रवार ते सोमवार ही फट सगळ्यात धोक्याची: अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांच्या अभ्यासात, २०११ साली, या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त आढळले. आपल्याकडे तर कित्येक जण दोनच बैठका घेतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि २०१६ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांनी उपचाराचा मोठा भार उचलला. पण रिक्षाभाडं, बुडालेली रोजी आणि सोबत येणाऱ्याचा खाडा त्यात धरलेला नाही. पावसात लोकल बंद पडली की शहराचा एक दिवस वाया जातो, या रुग्णांचं पोटॅशियम मात्र चढतच राहतं. डायलायझरही बरेचसे परदेशातून येतात. पवईच्या आयआयटीत प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने देशी तंतूंवर केलेलं काम म्हणूनच मोलाचं वाटतं.

तिसरी बैठक परवडावी, ती घराजवळ मिळावी आणि जाण्यायेण्याचा खर्च योजनेत धरला जावा, ही मागणी उपनगरांनी लावून धरली पाहिजे. आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने दरवर्षी क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्यावं. ते लघवीत दिसणं म्हणजे जिवंत गाळणी झिरपू लागल्याची खूण, आणि त्या वेळी औषधांनी ही झीज मंदावता येते.