मशीन कुठलं? आधी होडीला विचारा

नवी होडी वाळूवर आली की किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. फायबरचा वास अजून गेलेला नसतो, नाळेवरचा हार सुकलेला नसतो, आणि पहिला प्रश्न येतो, "मशीन खयचा घेतलंस?" मग वादाला तोंड फुटतं. यामाहावाले एका बाजूला, सुझुकीवाले दुसऱ्या. कुणी होंडाचं इंधन कमी लागतं म्हणून सांगतो, कुणी तोहात्सूचं वजन. तासभर हे चालतं. बाजूला जाळं शिवत बसलेला म्हातारा मान वर न करता एवढंच म्हणतो, "ज्या मशीनचो मिस्त्री गावात गावता, ताच मशीन बरा."

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं होडीच्या आकारात, पंख्याच्या पात्यात आणि खाऱ्या पाण्याच्या रसायनात आहे. तेवढं कळलं की झाकणावरच्या नावाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

झाकणावरचं नाव

आउटबोर्ड मशीन म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा हे सगळं एकाच खांबावर, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं. होडीला भोक पाडायला नको, वेगळं सुकाणू नको. उथळ पाणी आलं की मशीन वर उचलायचं. हा प्रकार धंद्यात खऱ्या अर्थानं रुजवला तो अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं, १९०९ मध्ये. भर उन्हात मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला त्यानं तळ्यात होडी वल्हवली आणि परत येईतो आइस्क्रीमचं पाणी झालं, त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. त्याचं पहिलं मशीन दीड एचपीचं आणि सुमारे २८ किलोंचं होतं.

जपानी कंपन्या नंतर आल्या. तोहात्सू १९५६ मध्ये, यामाहा १९६० मध्ये, होंडा १९६४ मध्ये, सुझुकी १९६५ मध्ये. आज आशिया-आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर मासेमारीच्या होड्यांना यांचीच मशीनं जास्त दिसतात. एव्हिनरूडच्या कंपनीचं काय झालं? २०२० मध्ये तिच्या मालक कंपनीनं आउटबोर्ड बनवणंच थांबवलं. एकशे दहा वर्षांचं नाव एका निवेदनात संपलं, आणि ते मशीन बाळगणाऱ्यांना सुट्या भागांची काळजी लागली.

शिवाय नाव आणि कारखाना नेहमी एकच असतात असंही नाही. मर्क्युरीच्या नावानं विकली जाणारी कित्येक छोटी मशीनं तोहात्सूनं जपानमध्ये बनवलेली आहेत. दोन शेजारी दोन रंगांच्या झाकणांवरून भांडत असतील, आणि आतलं इंजिन एकाच कारखान्यातलं असेल!

होडी स्वतःच्याच लाटेत अडकते

निवडीची सुरुवात इंजिनापासून नाही, होडीपासून करायची. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड या अभियंत्यानं १८७० च्या दशकात टॉर्की इथं एक लांब हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला. पाणी कापत जाणारी होडी पुढं एक लाट उठवते आणि मागं एक. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. एका टप्प्यावर लाटेची लांबी होडीएवढी होते. नाळ एका लाटेवर, मागची फळी दुसऱ्या लाटेवर आणि पोट मधल्या खळग्यात. यापुढं वेग वाढवायचा तर होडीला आपण स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. तिथं ताकद भरमसाट लागते आणि वेग मात्र इंचाइंचानं वाढतो.

हा टप्पा काढायचा ठोकताळा सोपा आहे. पाण्याच्या रेषेवरची होडीची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. पंचवीस फुटांचं वर्गमूळ पाच. म्हणजे जाळी, बर्फ आणि माणसं भरलेल्या, जड, पाणी कापत जाणाऱ्या पंचवीस फुटी होडीची सोयीची मर्यादा ६.७ नॉट, तासाला बारा-साडेबारा किलोमीटर. या टप्प्याच्या आतसुद्धा वेग दुप्पट करायला ढोबळमानानं आठपट ताकद लागते. उलट बाजूनं पाहा. मशीनची ताकद दुप्पट केली तर वेग फार तर पाव हिश्शानं वाढतो, आणि मर्यादेजवळ तेवढाही नाही. ९.९ एचपीच्या जागी २० एचपी लावून तुम्ही शेजाऱ्याच्या आधी लिलावाला पोहोचाल, पण जेमतेम. तो जास्तीचा खर्च फक्त लाटा उठवण्यावर होतो.

सपाट तळाची, हलकी, रिकामी फायबर होडी मात्र वेगळं वागते. पुरेशी ताकद मिळाली की ती पाण्यावर उचलली जाते आणि घसरत पळते. तिला ही मर्यादा लागू नाही. म्हणून पहिला प्रश्न हा की माझी होडी कापणारी की घसरणारी, आणि तीही रोजच्या भारासकट.

आता ९.९ या विचित्र आकड्याविषयी. अमेरिकेत अनेक तळ्यांवर १० एचपीच्या वर बंदी असते, त्या रेषेच्या अलीकडे राहण्यासाठी हा आकडा रूढ झाला. आपल्याकडेही अशा रेषा आहेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत गोव्यात १० एचपीपर्यंतच्या आउटबोर्डवर गिलनेटनं मासेमारी करणाऱ्या होड्यांना सूट दिली जाते. गंमत अशी की काही कंपन्यांचं ९.९ आणि १५ एचपीचं मशीन आतून एकच असतं. फरक असतो तो हवा-इंधन देण्याच्या मांडणीत. वजन तेच आणि गिअर तोच, बदलतो तो आकडा.

खरं काम पंखा करतो

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास. दुसरा पिच, म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रू फिरावा तसा पंखा एका फेरीत किती इंच पुढं जाईल ते माप. दुकानातल्या ९.९ एचपीच्या मशीनला साधारण ९ इंच पिचचा पंखा असतो. इंजिनाचे मिनिटाला ५५०० फेरे, गिअरमध्ये ते निम्मे होऊन पंख्याचे २७५०. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे २० नॉट. म्हणजे हा पंखा २० नॉटच्या हलक्या होडीसाठी घडवलेला आहे, आणि आपली भरलेली होडी सात नॉटही गाठत नाही!

चौथ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या ट्रकसारखी मग इंजिनाची गत होते. मूठ पूर्ण पिळली तरी फेरे चढत नाहीत, इंजिन दमतं, तापतं, काजळी धरतं. वर्षभरात मालक म्हणतो, हे मशीनच वाईट. दोष मशीनचा नसतो, पंख्याचा असतो.

जड होडीला हवा मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा. थोडं पाणी जोरात मागं फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकललं तर तेवढ्याच इंधनात धक्का जास्त मिळतो. वल्ह्याचं पातं रुंद का असतं, तेही याच कारणानं. काही कंपन्या खास ओढीची मॉडेलं बनवतात. त्यांत गिअर दोनास एक नसून तीनास एकच्या जवळ असतो, आणि त्यावर मोठा पंखा बसतो. मासेमारीच्या होडीसाठी हा फरक झाकणावरच्या नावापेक्षा मोठा आहे. तपासायची रीत सोपी: होडी रोजच्यासारखी भरा, फेरे मोजणारा मीटर लावा, मूठ पूर्ण पिळा. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा ५००० ते ६००० पर्यंत, फेरे जात नसतील तर कमी पिचचा पंखा लावा. पिच एक इंचानं उतरवला की फेरे साधारण दोनशेनं चढतात.

मशीनच्या खांबाची लांबीही इथंच ठरते. १५, २० आणि २५ इंच ही रूढ मापं. मागच्या फळीच्या उंचीशी ती जुळली नाही, खांब आखूड पडला, तर लाटेवर पंखा हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो.

इंधन: काय पितं, किती पितं

कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक इंजिन साधं असतं. त्यात झडपा नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलातच तेल मिसळायचं. पण जळलेला धूर बाहेर ढकलायला ते ताजं मिश्रणच वापरतं, आणि त्यातलं पाव ते तीस टक्के इंधन न जळताच निसटतं. पाण्यावर दिसणारा इंद्रधनुषी तवंग तोच. अमेरिकेत १९९० च्या दशकाअखेरीपासून नियम कडक होत गेले आणि ही मशीनं तिथल्या बाजारातून गेली.

फोर-स्ट्रोकचा ठोकताळा असा की १० एचपीचं मशीन पूर्ण ताकदीवर तासाला पावणेचार लिटरच्या आसपास पेट्रोल घेतं. टू-स्ट्रोकनं तासाला एक लिटर जास्त घेतलं असं धरू. दिवसाला चार तास, वर्षाला दोनशे दिवस: आठशे लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी ऐंशी हजार.

तरी टू-स्ट्रोक हट्टानं टिकून आहे, आणि तो हट्ट वेडेपणाचा नाही. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पाच-दहा किलोंनी जड भरतं, आणि मशीन रोज खांद्यावरून वाळू तुडवत घरी न्यायचं असेल तर ते पाच किलो खांद्याला कळतात. शिवाय टू-स्ट्रोक वाळूवर बसून खोलता येतं. केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी मशीनं पसरली ती याच घराण्यातली: पेट्रोलवर चालू करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, म्हणजे आत रॉकेल साचत नाही.

नवा मुद्दा इथेनॉलचा. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अनेक आउटबोर्डांच्या पुस्तिकांत मर्यादा लिहिलेली असते १० टक्क्यांची. इथेनॉल समुद्री हवेतला ओलावा शोषतं. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. पावसाळ्यात दोन महिने होडी शाकारून ठेवताना टाकी अर्धी भरलेली ठेवणं म्हणजे नारळी पौर्णिमेला मिस्त्रीला आमंत्रण. नवं मशीन घेताना २० टक्के इथेनॉल चालतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

जस्ताचा बळी

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळं त्यातून वीज सहज वाहते. मशीनचा खांब ॲल्युमिनियमचा, दांडा स्टीलचा. दोन धातू खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांची बॅटरीच होते, आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू, इथं ॲल्युमिनियम, झिजत जातो. उपाय दोनशे वर्षं जुना आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला अधिक क्रियाशील धातूचे तुकडे जोडले. तांबं वाचलं. पण तांबं विरघळेनासं झाल्यावर त्याचा विषारीपणाही गेला, आणि जहाजांच्या तळाला शिंपल्यांचा थर चढला!

आपल्या मशीनवरचं झिंक, म्हणजे जस्ताचा ठोकळा, हा डेव्हीचाच तुकडा. तो झिजतो म्हणजेच तो काम करतो. त्याला रंग फासला तर त्याचं काम थांबतं. अर्धा झिजला की बदलायचा.

दुसरा नाजूक भाग म्हणजे इम्पेलर, थंड पाणी वर खेचणारं मूठभर रबरी चक्र. खाडीतला गाळ आणि वाळू त्याला घासून खाते, प्लॅस्टिकची पिशवी त्याचा गळा घोटते. मशीनच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार ही त्याची नाडी. जाणता तांडेल मशीन चालू होताच आधी मागं वळून ती धार बघतो, मग पुढं. धार तुटली तर काही मिनिटांत लाखभराचं इंजिन चिकटू शकतं. रोज परतल्यावर पाच मिनिटं गोड्या पाण्यानं आतून धुतलेलं कुठलंही मशीन न धुतलेल्या भारी मशीनपेक्षा जास्त टिकतं.

पुन्हा म्हाताऱ्याकडं

नावाजलेल्या कंपन्यांच्या इंजिनांतला फरक आज थोडा आहे. होडी आणि पंखा जुळण्या-न जुळण्यातला फरक त्याहून कितीतरी मोठा. आणि सगळं जुळल्यावरही इम्पेलर कधीतरी जाणारच, तोही ऐन बांगड्याच्या दिवसांत. तेव्हा तो गावात दहा मिनिटांत मिळतो की कुरिअरनं आठवड्यानं येतो, यावर त्या आठवड्याची कमाई ठरते. म्हाताऱ्याच्या वाक्यातला मिस्त्री तो हाच.

म्हणून पैसे मोजायच्या आधी दुकानदाराकडं एकच मागणी करावी: "ह्याच मॉडेलचा इम्पेलर, झिंक आणि एक इंच कमी पिचचा पंखा आत्ता काउंटरवर ठेवा." ठेवले तर मशीन घ्यावं. "मागवून देतो" म्हणाला तर चहा पिऊन पुढच्या दुकानात जावं, मग झाकणावर नाव कुणाचंही असो.