काठी नको, घास द्या

कुत्र्याला शिस्त लावायची म्हणजे काठी हवीच, असे आमच्या चाळीत सारेच मानतात. आम्हीही तेच केले. मोतीचे भुंकणे थांबले नाही. नुसता हात उचलला तरी तो अंग चोरू लागला. रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात हे शोभते का, असे लेकीने विचारले आणि आम्ही गप्प झालो.

आता खाऊ देऊन शिकविणाऱ्या वर्गात त्याला न्यायचे ठरविले आहे. तयारी अवघड नाही. आधी रेबीजची लस टोचून घ्यावी. गळ्यात साधा पट्टा असावा. वर्गाला निघताना पोटभर जेवू घालू नये. उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे सोबत घ्यावेत. ‘बस’ म्हणताच बसला की लगेच तुकडा द्यावा. उशीर झाला तर बक्षीस कशाचे, हे त्याला कळत नाही. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. सराव पाच मिनिटे पुरे.

चांगले फळ मिळाले की ती कृती पुन्हा घडते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून १९३८ साली मांडले. बाबासाहेबांनाही कुत्र्यांचा लळा होता.

काठी आम्ही माळ्यावर टाकली आहे. बंधू-भगिनींनो, तुम्हीही टाकून पाहा.